केबिन क्रूच्या अभ्यासक्रमातील विमान अपहरणाचे तास : नाशिकमधील एका क्लासचे परीक्षण

नाशिकमध्ये कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या पट्ट्यात हवाई सेवेतील नोकऱ्यांची तयारी करून देणारे खासगी क्लास अलीकडे बरेच निघाले आहेत. ओझरहून दिल्ली, हैदराबाद, अहमदाबादकडे विमाने ये-जा करू लागल्यापासून या क्लासच्या जाहिराती थेट निफाड, सिन्नर आणि येवल्याच्या एसटी स्थानकांपर्यंत पोहोचल्या आहेत. त्यांपैकी एका क्लासमधून माझ्या भाचीने केबिन क्रूचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला. फी मीच भरली होती, आणि या क्लासमध्ये सुरक्षा विषयाचे तास पालकांनाही खुले असतात, म्हणून ते सगळे तास मी मागच्या बाकावर बसून ऐकले. हे परीक्षण मुख्यतः त्या तासांचे, आणि त्यातही विमान अपहरणावरच्या भागाचे आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही. असे क्लास एकेका शिक्षकाच्या बळावर चालतात, शिक्षक सोडून गेला की त्याच पाटीखाली वेगळाच माल मिळतो. पालकांनी नावापेक्षा काय विचारावे आणि काय पाहावे, हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

प्रवेश घेण्यापूर्वी पालक बहुधा गणवेश, इंग्रजी संभाषण, केशरचना आणि ‘प्लेसमेंट’ यांची चौकशी करतात. माझ्या मते अशा अभ्यासक्रमाची खरी पारख अपहरणाच्या धड्यावर होते. चहा कसा द्यावा हे कोणीही शिकवू शकतो. वैमानिक दाराआड असताना आणि जमिनीवरून कोणतीही मदत पोहोचू शकत नसताना केबिनमधल्या चार-सहा जणांचे काम नेमके काय असते, हे ज्याला कळलेले आहे त्यालाच हा धडा नीट शिकवता येतो. १९९९ च्या कंदाहार अपहरणानंतर भारतीय प्रवासी विमानावर त्या तऱ्हेचा प्रसंग पुन्हा आलेला नाही, त्यामुळे हा विषय इतिहासजमा झाला आहे असे अनेक क्लासचालक मानतात आणि दोन स्लाइडमध्ये तो उरकतात. या क्लासने तसे केलेले नाही, ही त्याची पहिली जमेची बाजू.

दुसरी जमेची बाजू म्हणजे पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली जाते. अशा खासगी क्लासचे प्रमाणपत्र म्हणजे विमानात काम करण्याचा परवाना नव्हे. सुरक्षेचे आणि आणीबाणीचे प्रत्यक्ष प्रशिक्षण विमान कंपनी निवड झाल्यानंतर स्वतः देते, आणि ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालय व नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो यांच्या नियमांनुसार होते. क्लासमध्ये मिळते ती पूर्वतयारी. शहरातल्या काही जाहिराती ज्या थाटात बोलतात तो पाहता, हे आपण होऊन सांगणाऱ्या संस्थेला गुण द्यायलाच हवेत.

सुरक्षा विषय शिकवणाऱ्या मॅडम अनेक वर्षे केबिन सेवेत काढून निवृत्त झालेल्या आहेत. फळ्यावर सनावळी लिहून त्या सुरुवात करत नाहीत. त्यांनी खुर्च्या दोन रांगांत लावून मध्ये वाट ठेवायला सांगितले आणि पहिलाच प्रश्न विचारला : “विमान पळवणाऱ्या माणसाला काय हवे असते?” उत्तरे आली तशी त्यांनी घटनांची मांडणी केली. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतून विमाने क्युबाकडे वळवली जात, तेव्हा बहुतेकांना फक्त तिथे पोहोचायचे असे. विमान हवानाला उतरे आणि प्रवासी सहसा थोड्याच वेळात सुखरूप परतत. २४ नोव्हेंबर १९७१ रोजी पोर्टलंडहून सिॲटलला निघालेल्या बोइंग ७२७ मधील एका प्रवाशाने दोन लाख डॉलर आणि पॅराशूट मागितले आणि मागच्या जिन्यावरून रात्रीच्या अंधारात उडी घेतली. त्यानंतर त्या जातीच्या विमानांचा मागचा जिना हवेत उघडता येऊ नये म्हणून त्यावर एक साधे यांत्रिक पाते बसवण्यात आले. अमेरिकेत जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. तिसरा प्रकार ओलिसांच्या बदल्यात कैदी सोडवून घेण्याचा, आणि चौथा ११ सप्टेंबर २००१ चा, ज्यात अपहरणकर्त्यांना ना वाटाघाटी हव्या होत्या ना कुठे उतरायचे होते, त्यांना विमानच शस्त्र म्हणून वापरायचे होते. पहिल्या तीन प्रकारांत संयम आणि सहकार्य हे धोरण शहाणपणाचे होते, चौथ्यात तेच धोरण घातक ठरले. ही मांडणी कळली की पुढचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत.

भारतातील घटना याच चौकटीत बसवून सांगितल्या गेल्या. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ नावाचे फोकर विमान खेळण्यातले पिस्तूल आणि लाकडी हातबाँब दाखवून लाहोरला नेण्यात आले. प्रवासी परत आले, विमान मात्र तिथे जाळण्यात आले, आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून पूर्वेकडे जाण्यास बंदी घातली. बांगलादेश युद्धाच्या वर्षात तिचे परिणाम फार दूरवर गेले. डिसेंबर १९७८ मध्ये दोन तरुणांनी, पुन्हा खेळण्यातली शस्त्रे दाखवून, लखनौहून दिल्लीला निघालेले विमान वाराणसीला उतरवायला लावले. तुरुंगात असलेल्या इंदिरा गांधींना सोडा ही त्यांची मागणी होती, आणि हे दोघेही पुढे उत्तर प्रदेशच्या विधानसभेत आमदार झाले. वर्गात इथे हशा पिकला. मॅडमनी तो थांबवला नाही, पण एवढे विचारले की, पिस्तूल खोटे आहे हे विमानातल्या कोणाला आणि कधी कळले असेल? जे शस्त्र तुमच्यावर रोखलेले आहे ते खरेच आहे असे धरून चालायचे, हा नियम मुलांना त्या एका प्रश्नातून समजला.

या अभ्यासक्रमातला सर्वांत चांगला तास कराचीवरचा होता आणि त्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे.

५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून आलेले पॅन ॲमचे बोइंग ७४७ कराचीच्या धावपट्टीजवळ उभे असताना विमानतळ सुरक्षारक्षकांच्या वेषातील चार बंदूकधारी आत घुसले. नीरजा भनोत या विमानातील वरिष्ठ पर्सर, म्हणजे केबिन कर्मचाऱ्यांच्या प्रमुख होत्या, तेवीस वर्षे पूर्ण व्हायला त्यांना दोन दिवस बाकी होते. अपहरणाची सूचना कॉकपिटपर्यंत पोहोचली आणि तिथले तिघेही जण छताकडच्या आपत्कालीन मार्गाने निसटले. पुढचे सोळा-सतरा तास केबिनमधले कर्मचारी आणि प्रवासी ओलीस राहिले. अमेरिकी प्रवासी ओळखता यावेत म्हणून पासपोर्ट गोळा करण्याचा हुकूम झाला, तेव्हा कर्मचाऱ्यांनी अमेरिकी पासपोर्ट आसनांखाली आणि कचऱ्याच्या जागी दडवले. रात्री विमानातील वीज क्षीण होत गेली, दिवे मंदावले आणि अपहरणकर्त्यांनी गोळीबार सुरू केला. नीरजा यांनी दार उघडून प्रवाशांना बाहेर काढले आणि मुलांना वाचवताना त्यांना गोळी लागली. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. एवढी हकिकत महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलींना ठाऊक असते आणि बहुतेक क्लास इथेच, डोळे ओलावण्याच्या जागी, थांबतात.

मॅडम तिथे थांबल्या नाहीत. त्यांनी त्या दिवसाचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यात कोणाला काय माहीत होते, कोणाच्या हातात काय होते, हे मुलांकडून काढून घेतले. वैमानिक निघून गेले हे योग्य झाले का, या प्रश्नावर वर्गात चांगलेच तापले. एका मुलाने त्याला पळपुटेपणा म्हटले. मॅडमचे उत्तर असे होते की, उडवणाराच कोणी नसेल तर विमान जमिनीवर अडकून पडते, आणि जमिनीवरचे विमान हवेतल्या विमानापेक्षा बरे, हा त्या निर्णयामागचा विचार होता. पण त्याची किंमत केबिनमधल्या कर्मचाऱ्यांनी मोजली, हेही त्यांनी लपवले नाही. लगेच त्यांनी उलट उदाहरण दिले. १९७६ मध्ये एअर फ्रान्सचे विमान युगांडातील एंटेबे येथे नेण्यात आले आणि काही ओलिसांना सोडण्याचे ठरले, तेव्हा कॅप्टन मिशेल बाकोस आणि त्यांचे सहकारी उरलेल्या प्रवाशांना सोडून जायला तयार झाले नाहीत. तिथे विमान पुन्हा उडवले जाण्याचा प्रश्न मागे पडला होता, ओलिसांना धीर देणारे जबाबदार माणूस हवे होते. दोन कॅप्टनांनी परस्परविरुद्ध वागूनही दोघांचे वागणे समजण्यासारखे कसे असू शकते, हे अठरा-वीस वर्षांच्या मुलांना पाऊण तासात पटवणे सोपे नाही. माझ्या भाचीने घरी येऊन तोच वाद पुन्हा घातला, आणि तिची आजी पळपुटेपणाच्याच बाजूला ठाम राहिली.

पासपोर्टच्या प्रसंगावर त्यांनी बराच वेळ घेतला, तो मला सर्वांत मोलाचा वाटला. केबिन कर्मचाऱ्याकडे शस्त्र नसते, त्याच्याकडे माहिती असते. कोण कुठे बसले आहे, कोणाला कोणती भाषा येते, कोणाच्या पोटात बाळ आहे, कोणते दार कोणत्या बाजूला उघडते, पाणी किती उरले आहे, हे सगळे त्यालाच ठाऊक असते. ती माहिती कोणाला द्यायची आणि कोणापासून दडवायची, हे त्याचे काम. याच धाग्याने त्यांनी आणखी दोन उदाहरणे जोडली. जून १९८५ मध्ये अथेन्सहून रोमकडे निघालेल्या टीडब्ल्यूए ८४७ विमानातील पर्सर उली डेरिकसन यांना जर्मन येत होते आणि अपहरणकर्त्यांपैकी एकाला इंग्रजी नव्हे तर जर्मन येत होते, म्हणून संभाषण त्यांच्यामार्फत झाले. अल्जियर्समध्ये इंधनाचे पैसे मागितले गेले तेव्हा त्यांनी आपले क्रेडिट कार्ड पुढे केले. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सच्या विमानातून बेटी ऑन्ग यांनी विमान कंपनीच्या आरक्षण कक्षाला फोन करून शांतपणे परिस्थिती सांगितली, तर त्यांच्या सहकारी एमी स्वीनी यांनी अपहरणकर्ते कोणत्या आसनांवर बसले होते ते कळवले. विमाने पळवली गेली आहेत हे जमिनीवर कळण्यात आणि हल्लेखोर ओळखण्यात त्या माहितीचा मोठा वाटा होता.

यानंतरचे प्रात्यक्षिक अगदी साधे होते आणि त्यासाठी संस्थेला एक रुपयाही खर्च आलेला नसावा. पंधरा-वीस मुलांना ‘प्रवासी’ म्हणून बसवले, दोघींना वाटेतून एकदा फिरून यायला सांगितले, मग त्यांना पाठ करून उभे केले आणि विचारले : तिसऱ्या रांगेत खिडकीशी कोण? कोणाच्या पायात चप्पल आहे? कोणी अंगावर जाड जाकीट घातले आहे? पहिल्या फेरीत बहुतेक मुली गडबडल्या, पण आठवडाभर रोज हाच सराव झाल्यावर उत्तरे सुधारली. दोन मुलांनी खेळण्यातले पिस्तूल आणून ‘खराखुरा’ प्रसंग करून दाखवण्याची परवानगी मागितली होती. मॅडमनी ती साफ नाकारली आणि मला ते फार आवडले, कारण आरडाओरड्याचे नाटक मुलांना आवडते आणि शिकवत काहीच नाही. कॉकपिटशी बोलण्याचे सांकेतिक शब्द किंवा दाराची यंत्रणा यांबद्दल विचारले असता, ते विमान कंपनी शिकवील, इथे सांगायचे नसते, एवढेच उत्तर मिळाले. एका पालकांना याचा राग आला आणि फी कशाची घेता असे ते म्हणाले. त्यांची तक्रार मला पटली नाही. वैमानिक ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे विमानाची ओळख रडारला कळवणाऱ्या यंत्रावर, ७५०० हा आकडा लावून नियंत्रण कक्षाला अपहरणाची सूचना देतो, यासारखी सर्वांना खुली असलेली माहिती वर्गात दिली जाते, आणि तिथेच थांबणे योग्य आहे.

अमृतसरवरचा तास दुसऱ्या क्रमांकाचा. एकाच विमानतळावरच्या दोन घटना शेजारी ठेवून तो घेतला गेला. एप्रिल १९९३ मध्ये दिल्लीहून श्रीनगरला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ एका सशस्त्र माणसाने वळवायला लावले. त्याने पिस्तुले पायाच्या प्लास्टरमध्ये लपवून आणली होती. लाहोरने उतरू दिले नाही म्हणून विमान अमृतसरला आले, आणि मध्यरात्रीनंतर राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या कमांडोंनी ‘ऑपरेशन अश्वमेध’मध्ये काही मिनिटांत ते सोडवले. प्रवासी आणि कर्मचारी सर्व सुखरूप राहिले, अपहरणकर्ता मारला गेला. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे आयसी ८१४ विमान पाच जणांनी पळवले, तेही संध्याकाळी अमृतसरला उतरले, पाऊण तासाहून अधिक काळ तिथे उभे राहिले आणि इंधन न घेताच उडाले. पुढे लाहोर, मग दुबईजवळचा अल मिन्हाद तळ, जिथे सत्तावीस प्रवासी सोडण्यात आले आणि भोसकून मारलेल्या रुपिन कत्याल यांचा मृतदेह उतरवण्यात आला, आणि २५ डिसेंबरच्या सकाळी कंदाहार. ३१ डिसेंबरला भारताच्या तुरुंगातील मसूद अझहर, ओमर शेख आणि मुश्ताक झरगर या तिघांना सोडल्यावर ओलिसांची सुटका झाली.

अमृतसरमध्ये विमान का थांबवले गेले नाही यावर आपल्याकडे कट्ट्यावर बसलेला प्रत्येक जण मत देतो आणि दिल्लीतल्या गोंधळाची चर्चा आजही संपलेली नाही. वर्गात दोन पालकांनी ती सुरू करण्याचा प्रयत्न केलाच. मॅडमनी ती बाजूला ठेवली. त्यांचा प्रश्न होता की त्या आठवड्यात गॅलीत, म्हणजे विमानातल्या खाण्यापिण्याच्या तयारीच्या जागेत, उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याच्या हातात काय होते. विमान ठेवायचे की सोडायचे हे त्याच्या हातात नव्हते. पुरुषांना बायका-मुलांपासून वेगळे केलेले, स्वच्छतागृहे तुंबलेली, खाणे मिळेल तेव्हा मिळणारे, आणि बाहेर काय चालले आहे याचा पत्ता नाही, अशा केबिनमध्ये पाणी कसे वाटायचे, मधुमेहाच्या रुग्णाला आधी काय द्यायचे, अफवा पसरू लागली तर कोणत्या शब्दांत थांबवायची, ज्याचा धीर सुटला आहे त्याच्या शेजारी कोणाला बसवायचे, अशा गोष्टींवर तासभर चर्चा झाली. माझ्या समजुतीप्रमाणे कंदाहारवर मराठीत जे बोलले जाते त्यात हा भाग जवळजवळ नसतोच. मला स्वतःला त्या तासात पुष्कळ नवे ऐकायला मिळाले.

इथिओपियन एअरलाइन्सच्या विमानाचा तास छोटा पण परिणामकारक. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी आदिस अबाबाहून नैरोबीकडे निघालेल्या बोइंग ७६७ मधील तिघांनी ऑस्ट्रेलियाला चला असा हट्ट धरला. एवढे इंधन नाही हे कॅप्टनने परोपरीने सांगितले, पण विमानातल्याच मासिकात या जातीचे विमान किती तास उडू शकते ते छापलेले होते आणि अपहरणकर्त्यांनी त्यावर विश्वास ठेवला. इंधन संपल्यावर विमान कोमोरो बेटांजवळ समुद्रात उतरवावे लागले. १७५ जणांपैकी १२५ दगावले. उतरताना बरेच जण वाचले होते, पण अनेकांनी लाइफ जॅकेट विमानातच फुगवले होते, आत पाणी शिरल्यावर ते छताकडे उचलले गेले आणि त्यांना दारापर्यंत येता आले नाही. हे सांगून झाल्यावर प्रत्येकाला एक जुने लाइफ जॅकेट घालायला लावले आणि ते फुगवून दोन रांगांच्या मधून वाकून बाहेर पडायला सांगितले. कोणालाही ते धड जमले नाही. उड्डाणापूर्वीच्या सूचनांमधले ‘दाराशी पोहोचल्यावरच फुगवा’ हे वाक्य मुलांनी तोपर्यंत पोपटासारखे पाठ केलेले होते, यानंतर ते म्हणताना त्यांचा आवाज बदलला.

आता उणिवा.

कायद्याचा तास निराशाजनक होता. तो दुसऱ्या एका पाहुण्या वक्त्याने घेतला आणि वाटलेल्या झेरॉक्स नोट्समध्ये १९८२ चा अपहरणविरोधी कायदा, त्यातील १९९४ ची दुरुस्ती, आणि १९६३ चा टोकियो, १९७० चा हेग व १९७१ चा माँट्रियल हे आंतरराष्ट्रीय करार एवढेच होते. १९८२ च्या कायद्याची जागा २०१६ च्या नव्या कायद्याने घेतली आहे, याचा त्यात उल्लेखही नव्हता. नव्या कायद्यात ओलिसाचा किंवा सुरक्षा कर्मचाऱ्याचा मृत्यू झाल्यास फाशीपर्यंतची तरतूद आहे, विश्वासार्ह वाटेल अशी नुसती धमकी देणेही त्यात गुन्हा आहे, आणि विमान ‘सेवेत’ असण्याची व्याख्या उड्डाणपूर्व तयारीपासून उतरल्यानंतरच्या चोवीस तासांपर्यंत वाढवली आहे. केबिन क्रूच्या दृष्टीने यातली धमकीची तरतूद सर्वांत महत्त्वाची. ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबईहून दिल्लीला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानाच्या स्वच्छतागृहात अपहरणाची चिठ्ठी सापडली आणि विमान अहमदाबादला उतरवावे लागले. या प्रकरणात २०१९ मध्ये विशेष न्यायालयाने नव्या कायद्याखाली एका प्रवाशाला जन्मठेप दिली आणि २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. चिठ्ठी सापडल्यावर ती कोणी कशी हाताळली, कोणाला दिली, काय नोंदवले, हे पुढे न्यायालयात विचारले जाते. उद्या ज्या मुलीला ती चिठ्ठी सापडू शकते तिला हे शिकवले गेले पाहिजे, आणि ते इथे शिकवले गेले नाही.

कॉकपिटच्या दाराचा विषयही घाईत उरकला. २००१ नंतर मोठ्या प्रवासी विमानांची दारे गोळी आणि धक्का सहन करतील अशी मजबूत आणि आतून बंद होणारी करण्यात आली, हे सांगितले गेले. त्याच मजबूत दारामागे मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने कॅप्टनला बाहेर ठेवून विमान आल्प्स पर्वतात नेऊन आदळवले आणि १५० जण गेले, ही दुसरी बाजू एका वाक्यात आली. कॉकपिटमधला एक जण बाहेर आला की केबिनमधल्या कर्मचाऱ्याने आत जाऊन उभे राहण्याची पद्धत अनेक कंपन्यांनी का अवलंबली, हा थेट या मुलांच्या कामाचा प्रश्न आहे. त्याला अर्धा तास द्यायला हवा होता.

ग्राउंड स्टाफच्या बॅचला तपासणी व्यवस्थेचा इतिहास मात्र नीट सांगितला जातो. सुरक्षा ब्युरो १९७८ मध्ये महासंचालनालयातील एक कक्ष म्हणून सुरू झाला, जून १९८५ मध्ये एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानातील स्फोटात ३२९ जण गेल्यावर १९८७ मध्ये तो स्वतंत्र झाला, आणि कंदाहारनंतर, २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात करून, विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागली. हा क्रम कळला की बोर्डिंग पासवरच्या शिक्क्यावरून हुज्जत घालणाऱ्या प्रवाशाला शांतपणे उत्तर देता येते.

माहितीपत्रकात ‘विमानतळ भेट’ ठळक अक्षरांत आहे. प्रत्यक्षात ती टर्मिनलच्या बाहेरून झाली. ओझरची धावपट्टी हिंदुस्थान एरोनॉटिक्सची आहे, १९६४ पासून तिथे मिग विमानांचे काम चालत आले आहे, आणि अशा ठिकाणी विद्यार्थ्यांच्या टोळीला सहज आत सोडतील अशी अपेक्षा करणेच चुकीचे. यात विमानतळाचा काही दोष नाही. जे देता येणार नाही ते क्लासने छापू नये. परीक्षेचेही तसेच. इतक्या चांगल्या तासांनंतर लेखी परीक्षेत पर्यायी प्रश्न आले, आणि त्यात अपहरण कोणत्या साली झाले, विमान कोणत्या कंपनीचे होते असली सनावळी विचारली. मॅडमनी जे शिकवले त्याचा मागमूस त्यात नव्हता. प्रश्नपत्रिका त्या काढत नाहीत, मुख्य कार्यालयातून येते, असे कळले.

बाकीच्या सोयी ठीक. वर्ग वातानुकूलित आहे, मुलींसाठी स्वच्छतागृह स्वच्छ असते, दुचाकी लावायला जागा मिळते. गावाकडून येणाऱ्या मुलींच्या शेवटच्या एसटीची वेळ पाहून तास संपवला जातो, ही गोष्ट सांगण्याजोगी आहे. प्लेसमेंटबद्दल मी काही लिहीत नाही, कारण भाचीच्या मुलाखती अजून सुरू आहेत. फी या शहरातल्या इतर क्लासच्या मानाने कमी नाही आणि ती एकरकमी मागितली जाते. निफाडच्या एका मुलीच्या वडिलांनी द्राक्षांचे पैसे येईपर्यंत हप्ता मागितला तेव्हा तो दिला गेला, म्हणजे विचारल्यास सवलत मिळते.

ज्यांना फक्त मुलाखतीपुरते इंग्रजी आणि वावर सुधारायचा आहे त्यांच्यासाठी शहरात यापेक्षा स्वस्त पर्याय आहेत. ज्यांना हे काम खरोखर काय आहे ते आधी जाणून घ्यायचे आहे त्यांनी इथे जावे, पण प्रवेश घेण्यापूर्वी सुरक्षेचे तास कोण घेणार हे नाव घेऊन विचारावे आणि एक तास बसून ऐकू द्या अशी मागणी करावी. या क्लासने ती मान्य केली होती. कायद्याच्या नोट्सबद्दल मी कार्यालयात लेखी कळवले आहे. नव्या बॅचच्या नोट्समध्ये २०१६ चा कायदा घातला जाईल असे उत्तर मिळाले. जुन्या विद्यार्थ्यांना त्या सुधारित नोट्स मिळतील का, असे विचारल्यावर काउंटरवरच्या ताईंनी मिळतील म्हणून सांगितले, झेरॉक्सचे पैसे मात्र वेगळे द्यावे लागतील.